तबल्याची शाई आणि नियमाची उपाधी

मैफल सुरू होण्याआधी तबलावादक हातोडी घेऊन गजऱ्यावर ठोके देत बसतो. एक घर चढलं, समोरचं उतरलं, पुन्हा पहिल्यावर एक ठोका. मागच्या रांगेतले लोक घड्याळाकडे बघायला लागतात. पण गायकाच्या षड्जाला तबला मिळाल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, हा शिरस्ता आहे. ताशाकडून असा षड्ज कुणी मागत नाही. हलगी वाजवण्याआधी जाळावर शेकतात, ती कातडं ताणून आवाज कडकडीत निघावा म्हणून. ती काळी चारला लागली की पांढरी दोनला, याची चौकशी कुणी करत नाही. तबलाही कातड्याचाच. मग त्याला सूर कुठून आला?

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय ध्वनिशास्त्राचा सर्वसाधारण कौल असा होता की कातड्याच्या वाद्याला ताल असतो, खऱ्या अर्थाने सूर नसतो. हा कौल ऐकीव नव्हता. त्यामागे गणित होतं, प्रयोग होते, लॉर्ड रॅली यांच्यासारख्या माणसाचा 1877 साली निघालेला ध्वनीवरचा ग्रंथ होता. ते गणित आजही कुणी खोडलेलं नाही. तरीही तबला सुरात लागतो. नियमही खरा आणि अपवादही खरा, हे कोडं सोडवताना आवाज कसा चालतो ते कळतंच, शिवाय नियम पक्का केव्हा म्हणायचा तेही कळतं.

आधी आवाजाचं बघू. तबल्यावर बोट पडलं की पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, खाली जाते, वर येते, पुन्हा खाली. वर येताना लगतची हवा दाबली जाते, खाली जाताना विरळ होते. दाबलेली हवा पुढच्या हवेला दाबते, ती तिच्या पुढच्या. हवेचा कण आपल्या जागेच्या आसपास किंचित डुलतो आणि तिथेच राहतो. प्रवास होतो तो दाबाचा. वीस अंश सेल्सिअसच्या हवेत हा प्रवास सेकंदाला सुमारे 343 मीटर होतो. पुडी सेकंदाला जितक्या वेळा हलेल तितक्याच वेळा आपल्या कानाचा पडदा हलतो, आणि ती संख्या जितकी मोठी तितका स्वर चढा.

मात्र कुठलीच वस्तू एका पद्धतीने हलून थांबत नाही. सतारीची तार छेडली की ती सबंध एका कमानीत हलते आणि त्याच वेळी दोन भागांत, तीन भागांत, चार भागांतही हलत असते. दोन्ही टोकं बांधलेली, त्यामुळे तिच्यावर पूर्ण भागच मावतात; अडीच भाग मावत नाहीत. म्हणून तिच्या कंपनांचं प्रमाण 1, 2, 3, 4, 5 असं सरळ येतं. मूळ स्वर सेकंदाला 200 कंपनांचा असेल तर जोडीला 400, 600, 800. अशा पूर्णांकी प्रमाणात आलेले उपस्वर कान सुटे ऐकत नाही, त्यांची एकच मोळी बांधतो आणि आपल्याला एक भरदार स्वर ऐकू येतो. तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो याच मालिकेतला पाचवा.

गोल ताणलेल्या कातड्याची गोष्ट निराळी. पहिल्या प्रकारात ते सगळंच्या सगळं एकदम वर आणि एकदम खाली होतं. दुसऱ्यात मधोमध व्यासाची एक रेघ स्थिर राहते. एक अर्धं वर गेलं की दुसरं खाली. पुढे दोन व्यास स्थिर, मग आतलं एक वर्तुळ स्थिर, अशा नाना तऱ्हा. त्यांची प्रमाणं निघतात 1, 1.59, 2.14, 2.30, 2.65, 2.92. पहिल्यानंतर एकही पूर्णांक नाही. कानाला त्यांची मोळी बांधता येत नाही आणि त्याला ‘धाड’ ऐकू येतं. युरोपातली टिंपनी हा अर्धामुर्धा अपवाद: तिथे कातड्याबरोबर हलणाऱ्या हवेच्या भारामुळे काही उपस्वर पूर्णांकी प्रमाणाच्या जवळ सरकतात. पण एकूण नियम ठाम होता.

1920 साली ‘नेचर’ या नियतकालिकात चंद्रशेखर वेंकट रामन आणि शिवकाली कुमार यांचं एक छोटं टिपण आलं. रामन या नावाला तेव्हा प्रकाशाच्या विकिरणाचं आणि नोबेलचं वलय नव्हतं. कोलकात्यात ते व्हायोलिन, वीणा, मृदंग यांच्या मागे लागलेले होते. टिपणाचा विषय होता मृदंग आणि तबल्याच्या जातीची वाद्यं, आणि म्हणणं असं की या वाद्यांचे उपस्वर पूर्णांकी आहेत. 1934 मध्ये रामन यांनी सविस्तर निबंध लिहिला. पद्धत अगदी साधी. पुडीवर बारीक वाळू पसरायची आणि वाजवायचं. हलणाऱ्या भागावरून वाळू उडते आणि स्थिर रेषांवर जाऊन बसते, त्यामुळे कातडं कुठल्या तऱ्हेने हलतंय ते डोळ्यांना दिसतं.

एकेक तऱ्हा वेगळी काढायची युक्ती तर वादकांच्या बोटांतच होती. ‘ना’ वाजवताना अनामिका मधल्या काळ्या शाईच्या कडेवर हलकी टेकलेली असते आणि तर्जनी चाटेवर, म्हणजे पुडीच्या काठावर, पडते. टेकलेल्या बोटाखाली पुडीला हलता येत नाही. सबंध पुडी एकदम हलण्याचा पहिला प्रकार तिथेच मरतो; ज्या प्रकारांची स्थिर रेघ त्या बोटाखालून जाते, तेवढे जगतात. तबला शिकणाऱ्या पोराला गुरुजी ‘बोट दाबू नकोस, नुसतं ठेव’ म्हणून सांगतात, त्यात हे सगळं ध्वनिशास्त्र आलं.

निष्कर्ष असा निघाला की पुडीच्या पहिल्या नऊ तऱ्हांमधून स्वर मात्र पाचच ऐकू येतात: 1, 2, 3, 4 आणि 5. पहिली तऱ्हा 1 वर, दुसरी 2 वर, पुढच्या दोन मिळून 3 वर, त्यापुढच्या दोन 4 वर आणि शेवटच्या तीन 5 वर येऊन बसतात. साध्या कातड्यात 2.14 आणि 2.30 असे एकमेकांना खटकणारे दोन उपस्वर इथे एकाच जागी येतात.

हे घडवते ती मधली काळी शाई. लोखंडाची भुकटी आणि शिजवलेल्या भाताची किंवा पिठाची खळ यांचं हे मिश्रण. कारागीर ते एकदम थापत नाही. पातळ थर द्यायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचा, वाजवून बघायचं, मग पुढचा थर, पहिल्यापेक्षा लहान. त्यामुळे शाई मध्यावर जाड आणि कडेला पातळ होत जाते. घोटण्यामुळे तिच्यात बारीक भेगांचं जाळं पडतं आणि ती कातड्याबरोबर लवू शकते. आता कारण बघा. सबंध पुडी एकदम हलते तेव्हा सगळ्यात जास्त हलतो तो मध्य, आणि वजन नेमकं तिथेच आहे. म्हणून मूळ स्वर चांगलाच उतरतो. पण व्यासाची रेघ स्थिर असलेल्या तऱ्हांमध्ये मध्य जागचा हलतच नाही, तिथलं वजन त्यांना फारसं जाणवत नाही आणि ते स्वर कमी उतरतात. खालचा स्वर जास्त उतरला, वरचे कमी. साहजिकच मधलं अंतर वाढलं आणि 1.59 चा उपस्वर 2 वर गेला. बी. एस. रामकृष्ण आणि मनमोहन सोंधी यांनी 1954 मध्ये हे गणितानेही मांडलं: मधोमध जड आणि कडेला हलकी अशी जोडपुडी धरली की उत्तरं पूर्णांकांच्या जवळ येतात.

अशा ठिकाणी आपल्याकडे ‘पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ असं म्हणायची घाई होते. मला ते पटत नाही. ज्याने पहिल्यांदा शाई लावली त्याला कंपनांची समीकरणं माहीत नव्हती. त्याचा कान तयार होता आणि हाताला चिकाटी होती. ‘असं केलं की लागतो’ हे त्याला पक्कं ठाऊक होतं, ‘का लागतो’ हे नव्हतं. उलट युरोपातल्या पंडितांना ‘का’ ठाऊक होतं, पण आपलं गणित सगळीकडे सारख्या जाडीच्या कातड्यापुरतं आहे, ही अट त्यांच्या बोलण्यातून गळून गेली होती. ‘सारख्या जाडीच्या गोल कातड्याला सूर नसतो’ हे विधान, टिंपनीचा अर्धामुर्धा अपवाद सोडला तर, आजही खरं आहे. ‘कातड्याला सूर नसतो’ हे खोटं आहे. फरक तीन शब्दांचा.

या गळून गेलेल्या अटीला आपल्या न्यायशास्त्रात नाव आहे: उपाधी. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यातलं उदाहरण. ते उलटं करून बघा. जिथे जिथे अग्नी तिथे तिथे धूर? तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत धूर का दिसतो? लाकूड ओलं असतं म्हणून. ओलं सरपण ही इथली उपाधी. शंभर चुली बघितल्या आणि शंभरही धुरकट निघाल्या, तरी त्या शंभर चुली त्या ओल्या लाकडाचीच साक्ष देत असतात. नैयायिक याहून पुढे गेले होते. वारंवार पाहणं पुरेसं नाही, हे दाखवायला त्यांनी फार नेमका दाखला घेतला: जे जे पार्थिव त्यावर लोखंडाने ओरखडा उठतो. माती, दगड, लाकूड, हवं तेवढं तपासा, नियम टिकतो. आणि मग हिरा समोर येतो. चौदाव्या शतकाच्या आसपास मिथिलेत गंगेशोपाध्यायांनी ‘तत्त्वचिंतामणी’त या व्याप्तीची, म्हणजे सार्वत्रिक संबंधाची, एकेक व्याख्या मांडून ती खोडून काढण्यात पानंच्या पानं खर्च केली. वाचताना जीव मेटाकुटीला येतो, पण चिंता रास्त होती.

गंमत अशी की याच नैयायिकांचं लाडकं अनुमान आवाजाबद्दलच होतं: शब्द अनित्य आहे, कारण तो निर्माण होतो, घड्यासारखा. तो कानापर्यंत कसा येतो हे सांगताना ते पाण्यावरच्या लाटेचा किंवा सगळ्या बाजूंनी फुटणाऱ्या कदंबाच्या कळीचा दाखला देत, आणि तो आजच्या कल्पनेला बराच जवळचा आहे. मात्र शब्द हा आकाशाचा गुण, असं त्यांचं मत; हवेला त्यात मुख्य काम नव्हतं. शब्द नित्य मानणाऱ्या मीमांसकांनी, विशेषतः शबरभाष्यात, आघाताने ढकललेली हवा पुढच्या हवेला हलवत जाते असं म्हटलं आहे. म्हणजे भौतिकाच्या बाबतीत खऱ्याच्या जवळ होता तो वादातला दुसरा पक्ष.

उपाधी हे हत्यार एकदा हाती आलं की ध्वनिशास्त्राचा इतिहास वेगळाच दिसायला लागतो. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे घोडीमुळे तारेत उमटणारा झंकार, घ्या. टॉमस यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो की तार जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो, तो उपस्वर उमटणारच नाही. रामन यांनी 1921 च्या निबंधात दाखवलं की वीणा आणि तानपुऱ्यात तो उमटतो, चांगला जोरात उमटतो. नियमाची उपाधी होती घोडीची धारदार कड. आपली घोडी रुंद आणि किंचित गोलवट. तार तिच्यावर टेकत, सुटत, पुन्हा टेकत राहते आणि खाली सरकवलेला सुताचा जीव ते टेकणं नेमकं करतो. मिरजेचा कारागीर जवारी काढताना कानसीने जे घासतो, ती खरं तर या नियमाची अट असते.

पण उपाधी लपण्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण न्यूटनचं आहे. ‘प्रिन्सिपिया’त त्याने आवाजाचा वेग मोजला नाही, काढला: हवा किती दाबली की किती उलट रेटते आणि तिची घनता किती, एवढ्यावरून. कल्पना इतकी सुंदर की आजही आपण तीच वापरतो. उत्तर आलं सेकंदाला 979 फूट. इकडे इंग्लंडमधल्या अपमिन्स्टरचे धर्मगुरू विल्यम डेरहॅम यांनी चर्चच्या मनोऱ्यावरून लांबच्या तोफांची चमक बघून आणि आवाज यायला लागलेला वेळ मोजून 1142 फूट हा आकडा दिला होता. सहाव्या हिश्शाहून थोडा कमी, पण डोळ्याआड करता येणार नाही असा फरक. न्यूटनने 1713 च्या दुसऱ्या आवृत्तीत तो भरून काढला. हवेचे कण भरीव असतात, त्यांच्यातून आवाज तत्काळ पार होतो, म्हणून थोडी भर. हवेत वाफ असते, ती आवाज वाहत नाही, म्हणून आणखी थोडी. बेरीज आली नेमकी 1142. इतकी नेमकी की संशय यावा. इतक्या मोठ्या माणसाने आधी उत्तर बघून मग रीत जुळवावी, हे वाचताना आजही अवघडायला होतं.

खरी चूक दुसरीकडे होती. हवा निम्म्या जागेत दाबली की दाब दुप्पट होतो, हा बॉइलचा नियम न्यूटनने धरला होता. नियम बरोबर आहे, पण तापमान तेच राहणार असेल तर. सायकलचा पंप मारताना नळी गरम लागते, कारण झटक्यात दाबलेली हवा तापते, आणि तापलेली हवा जास्त जोराने उलट रेटते. आवाजाच्या लाटेत दाबणं आणि विरळणं इतक्या भराभर होतं की ती उष्णता बाजूला निसटू शकत नाही. फ्रेंच गणिती लाप्लासने 1816 मध्ये हे मांडलं. न्यूटनच्या सूत्रात हवेसाठी 1.4 हा गुणक घालायचा आणि त्याचं वर्गमूळ घ्यायचं, की वेग सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो आणि हिशेब जुळतो. बॉइलचे प्रयोग सावकाश केलेले होते, म्हणून तापमानाची अट त्यांत आपोआप पाळली गेली होती. पाळली गेली म्हणूनच ती कुणाला दिसली नाही.

आपल्या शाळांमध्येही असा एक नियम तोंडपाठ असतो: माध्यम जितकं घन तितका आवाज वेगवान. हवेत 343 मीटर, पाण्यात सुमारे 1480, पोलादाच्या सळईत 5000 च्या आसपास. तीन उदाहरणं, तिन्ही पटणारी. आता शिसं घ्या. घनता पाण्याच्या अकरा पट, आणि शिशाच्या सळईत वेग जेमतेम 1200, पाण्यापेक्षाही कमी. हेलियम हवेपेक्षा कितीतरी हलका, तरी त्यात वेग हजाराच्या घरात. पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच वजनदार ॲल्युमिनियम, पण वेग जवळपास पोलादाइतकाच. खरं काम ताठरपणाचं आहे: पदार्थ दाबायला जितका कठीण तितका वेग जास्त. घनता उलट वेग कमीच करते. पोलाद घन असतं आणि प्रचंड ताठरही असतं, म्हणून श्रेय भलत्याला मिळालं. हा नियम अजून मुलांच्या वह्यांत सापडतो. शिक्षकांनी शिशाचं उदाहरण तेवढं सोबत दिलं तरी पुरे.

उपाधी सापडायला कधी गणित लागतं, कधी दोनशे वर्षं. पण काही नियम असे असतात की त्यांना कुणी बोटसुद्धा लावत नाही. पायथागोरस लोहाराच्या दुकानावरून गेला, घणांचे आवाज त्याला सुरेल वाटले, घणांची वजनं 12, 9, 8 आणि 6 निघाली आणि तीच वजनं तारांना टांगल्यावर तेच सूर आले, अशी कथा निकोमाकसने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपास सांगितली. सहाव्या शतकात बोएथियसने ती लॅटिनमध्ये नेली आणि युरोपभर हजार वर्षं ती शिकवली गेली. तारेची लांबी निम्मी केली की तार सप्तक मिळतं, हे खरं होतं. त्या खऱ्याच्या आडोशाने वजनाचं खोटंही चाललं. 1589 मध्ये विन्सेन्झो गॅलिली या ल्यूटवादकाने, प्रसिद्ध गॅलिलिओच्या वडिलांनी, छापून सांगितलं की वजनाच्या बाबतीत हे प्रमाण लागू नाही: तार सप्तकासाठी दुप्पट नव्हे, चौपट वजन लागतं. मेर्सेन या फ्रेंच पाद्र्याने 1636 च्या ग्रंथात तारेचे नियम नीट बांधून दिले.

हा प्रयोग घरी होतो. गिटारची बारीक स्टीलची तार टेबलाच्या एका टोकाला पक्की बांधा, खाली दोन पेन्सिली सरकवा, दुसरं टोक कडेवरून सोडून त्याला बादली लावा. बादलीसकट दीड किलो वजन ठेवून तार छेडा आणि तो स्वर षड्ज धरा. वजन तीन किलो करा. पायथागोरसच्या कथेप्रमाणे तार षड्ज यायला हवा. येतो तो तीव्र मध्यम, कारण कंपनं दुपटीने न वाढता दोनाच्या वर्गमूळाने, म्हणजे 1.41 पट वाढतात. सहा किलो झाले की तार षड्ज लागतो. पेटी किंवा मोबाइलवरचा तानपुरा सोबत ठेवलात तर ताडून बघणं सोपं जाईल. लहान मुलं जवळ असतील तर त्यांना मागे उभं करा आणि आपलाही चेहरा लांब ठेवा; ताणलेली स्टीलची तार तुटली तर सपकन डोळ्यांवर येते.